शिंकांचे पंचांग

दसरा जवळ आला की पुण्यातल्या पुष्कळ घरांत सकाळ शिंकांनी सुरू होते. एखाददुसरी नव्हे, ओळीने आठ-दहा. नाक गळते, डोळे चुरचुरतात, टाळूला खाज सुटते. वडीलधारी माणसे म्हणतात, "थंडी बाधली!" मग आल्याचा काढा होतो. पण अंगात ताप नसतो. आणि काही आठवड्यांनी, काढा घेतला काय नि न घेतला काय, सारे आपोआप थांबते. बरे, हे पडसे दरवर्षी त्याच सुमारास कसे येते, असे तुम्ही कधी स्वतःला विचारले आहे का?

याचे उत्तर टेकडीवर आहे. पाऊस सरता सरता वेताळ टेकडीवरची गवते फुलोऱ्यावर येतात. त्यांचे परागकण वाऱ्यावर उधळतात आणि शहरभर पसरतात. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यांतले दोन ते चार भाग, एवढाच एकेका कणाचा आकार. बहुतेकांच्या नाकात ते जातात आणि काहीच होत नाही. काहींचे शरीर मात्र या निरुपद्रवी कणाला शत्रू समजते आणि हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडून लढाई पुकारते. शिंका ही त्या लढाईची तोफ! याला डॉक्टर ॲलर्जी म्हणतात. आपल्याकडे वावडे हा शब्द आहेच.

आता गुन्हेगार ओळखताना आपली हटकून चूक होते. गुलमोहर लाल झाला की लोक त्याच्यावर बोट ठेवतात. वास्तविक जे फूल डोळ्यांत भरते, ते किडामुंग्यांना नि पाखरांना बोलावण्यासाठी सजलेले असते. त्याचे पराग जड नि चिकट. ते हवेत फारसे उडत नाहीत. खरा त्रास देतात ती वाऱ्यावर भिस्त ठेवणारी, नजरेत न भरणारी फुले. वावळाचे झाड घ्या. त्याच्या कागदी चकत्या रस्त्यावर उडू लागल्या की आपण नाकाला रुमाल लावतो. पण त्या चकत्या म्हणजे फळे. बारीक हिरवट फुले त्याआधीच, झाड निष्पर्ण असताना, येऊन गेलेली असतात. परागही तेव्हाच उडालेले असतात. टेकडीवरच्या कुसळांचेही तेच. कुसळे धोतराला टोचू लागली, म्हणजे त्या गवताचा फुलोरा उलटून गेला असे समजावे.

गाजरगवत तर आपल्या शहराचे जुने बिऱ्हाडकरू. हे मूळचे अमेरिका खंडातले. पुण्यातल्या त्याच्या वाढीची शास्त्रीय नोंद 1956 साली प्रसिद्ध झाली, आणि पुढे ते देशभर माजले. त्याच्या परागांनी नाक वाहते, आणि झाडाचा स्पर्श झाला तर कित्येकांच्या अंगाला खाज सुटते.

मग हवेत आज किती पराग आहेत, हे कळायचे कसे? मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांना स्वतःलाच हा विकार होता. त्यांनी चिकट लेप लावलेल्या काचा उघड्यावर ठेवल्या, काही पतंगाला बांधून उंच सोडल्या, आणि त्यांवर बसलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. 1873 साली त्यांचा ग्रंथ छापला गेला. पुढे 1952 मध्ये हर्स्ट यांनी यंत्र बनवले. ते मिनिटाला दहा लिटर हवा ओढते. आत चिकट पट्टी ताशी दोन मिलिमीटर सरकत असते. पट्टीवर कोणता कण कोणत्या तासाला आला, हे त्यावरून वाचता येते. एका घनमीटर हवेत इतके कण, असा हिशेब निघतो. याच जातीची यंत्रे आजही वापरात आहेत.

पण मोजणी ही झाल्या दिवसाची. उद्याचा अंदाज द्यायचा तर तिला दोन गोष्टींची जोड लागते: कोणती वनस्पती कधी फुलते याचे, अनेक वर्षांच्या नोंदींवरून केलेले पंचांग, आणि उद्याचे हवामान. कोरडे ऊन नि वारा असेल तर पराग वाढतात; पावसाची संथ झड त्यांना धुऊन खाली आणते.

मात्र सगळ्याच पावसावर विश्वास टाकू नये. 21 नोव्हेंबर 2016 रोजी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरावर गडगडाटी वादळ आले. तिथे तो गवताच्या फुलोऱ्याचा काळ. ओलाव्याने परागकण फुटले आणि त्यांचे अतिसूक्ष्म तुकडे जोराच्या वाऱ्याने जमिनीलगत पसरले. अख्खा कण नाकातच अडतो. तुकडा थेट फुप्फुसात उतरतो. हजारो माणसे धापा टाकत रुग्णालयांत पोचली, दहाजणांचा जीव गेला. ज्यांना तोवर नुसत्या शिंकाच येत, दमा ठाऊकही नव्हता, अशीही पुष्कळ माणसे त्यांत होती. त्यानंतर तिथे अशा वादळांची आगाऊ सूचना देण्याची व्यवस्था झाली. शिंकांचा अंदाज म्हणजे चैन नव्हे, हे त्या संध्याकाळने शिकवले.

आपल्याकडेही परतीचा गडगडाटी पाऊस नि गवताचा फुलोरा एकाच सुमारास येतात, हे ध्यानात ठेवा. ज्याला परागांचे वावडे आहे त्याने आभाळ गडगडू लागताच घरात यावे, खिडक्या लावून घ्याव्यात. दम्याचे रोजचे औषध, बरे वाटते म्हणून, मनाने सोडू नये.

आणि एक काम तुम्ही आजच करू शकता. भिंतीवरच्या कालनिर्णयावर शिंकांच्या दिवशी एक फुली मारा. शेजारी ऊन, वारा, पाऊस, एवढे एका शब्दात लिहा. दोन वर्षांच्या फुल्या घेऊन डॉक्टरांकडे जा. नाकात मारायची काही औषधे हंगामाच्या थोडे आधी सुरू केली तर अधिक गुण देतात. पण आधी म्हणजे केव्हा, हे त्या फुल्याच सांगतील. शहराचा अंदाज शहरासाठी असतो. तुमच्या नाकाचे पंचांग तुम्हालाच मांडावे लागेल.