रक्त दिसलं म्हणून बिघडलं का? 'लोगन' आणि थिएटरमधली मजा

बोलताना हा भाग जरा लांबला होता, म्हणून इथे थोडी काटछाट केलीये, सूर मात्र तोच ठेवलाय. एक इशारा आधीच देतो: 'लोगन' पाहिला नसेल तर पाहून या. पुढे मी सगळं फोडणार आहे.

विषय निघाला तो आईमुळे. घरी टीव्हीवर 'लोगन' लावला होता. तिनं दहा मिनिटं बघितला आणि विचारलं, "तुला यात मजा कसली येते रे?" प्रश्न रास्त आहे. कारण मी तो माणूस आहे जो रक्ततपासणीच्या वेळी सुई दिसली की मान भिंतीकडे वळवतो. आणि २०१७ च्या मार्चमध्ये, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना, पुण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये याच सिनेमाला मी शिट्टी वाजवली होती. कधी? तर लॉरा नावाची लहान मुलगी कारखान्यातून बाहेर येते, हातात एका माणसाचं कापलेलं मुंडकं, आणि ती ते बंदूकवाल्यांच्या पुढ्यात टाकते, तेव्हा. अख्खं थिएटर ओरडलं. लॉराचं काम करणारी डाफ्ने कीन शूटिंगच्या वेळी ११ वर्षांची होती. आपल्याकडे सिनेमाला 'ए' प्रमाणपत्र, म्हणजे तिला स्वतःचंच काम बघायला आमच्या थिएटरच्या दारातून आत सोडलं नसतं!

आता हे समजून घ्यायचं तर आधी कॉमिककडे जाऊ. वुल्व्हरिन कॉमिकमध्ये आला १९७४ साली, हल्कच्या अंकात. तेव्हा अमेरिकेत कॉमिक्सवर 'कॉमिक्स कोड'चा पहारा होता, १९५४ पासूनचा. आता विचार करा, हातातून धारदार नखं निघणारा हिरो, आणि रक्त दाखवायचं तर मोजूनमापून. मग कॉमिकवाले काय करायचे? एका चौकटीत नखं उगारलेली, पुढच्या चौकटीत शत्रू आडवा. मधला वार कुठे झाला? दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत. स्कॉट मॅक्लाउडनं १९९३ च्या 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स'मध्ये हे फार छान समजावलंय. त्याचं म्हणणं, त्या रिकाम्या जागेतला खून वाचकच करतो, चित्रकार नाही. किती जोरात, किती वेळा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

सिनेमात ही पांढरी पट्टी नाही. तिथे दिग्दर्शकाला ठरवावं लागतं, की वार दाखवायचा का कॅमेरा वळवायचा. आणि २००० सालच्या पहिल्या 'एक्स-मेन'पासून बरीच वर्षं उत्तर ठरलेलं होतं: कॅमेरा वळवायचा. कारण प्रमाणपत्र 'पीजी-१३' हवं, म्हणजे शाळकरी पोरं तिकीट काढणार. ह्यू जॅकमन नखं फिरवतो, माणसं पडतात, नखं स्वच्छच्या स्वच्छ. जणू काकडी कापली.

मला विचाराल तर खरा घोळ तिथे आहे. आमच्या धंद्यात एक घाणेरडी सवय असते. प्रोग्रॅममध्ये चूक झाली की ती 'कॅच' करायची आणि आत काहीच लिहायचं नाही. ब्लॉक रिकामा. प्रोग्रॅम छान चालतोय असं दिसतं, फक्त आत काय मेलं ते कुणालाच कळत नाही. पीजी-१३ हिंसा ही तशीच. शेकडो माणसं मरतात आणि कुठेच नोंद होत नाही.

२०१६ मध्ये 'डेडपूल' जोरात चालला आणि प्रौढांसाठीच्या कॉमिक-सिनेमालाही गल्ला आहे हे सगळ्यांना दिसलं. पुढच्याच वर्षी जेम्स मॅनगोल्डचा 'लोगन' आला, अमेरिकेत 'आर' प्रमाणपत्र घेऊन. आधार मार्क मिलर आणि स्टीव्ह मॅकनिव्हनच्या 'ओल्ड मॅन लोगन'चा. आधार म्हणजे नावापुरताच हं. म्हातारा लोगन आणि लांबचा प्रवास, एवढंच घेतलंय. कॉमिकमध्ये लोगन भ्रमात स्वतःच्या हातानं सगळ्या एक्स-मेनना मारतो. सिनेमात ते ओझं चार्ल्सकडे जातं. जगातला सगळ्यात ताकदवान मेंदू नव्वदीत आजारी पडलाय, झटका आला की आसपासची माणसं मरतात, आणि आपण काय केलं हेच त्याला धड आठवत नाही.

हा बदल मला मूळ कॉमिकपेक्षा सरस वाटतो. माझे आजोबा शेवटची दोन वर्षं आम्हाला ओळखत नव्हते. बाबा त्यांना उचलून बाथरूमला न्यायचे आणि आजोबा बाबांनाच शिव्या घालायचे. पडद्यावर लोगन चार्ल्सला गोळ्या गिळायला लावतो, चिडतो, शौचालयात धरून बसवतो. त्याच हातांतून नखं निघतात. मारामारीतल्या रक्ताइतकाच तो थकवा खरा वाटतो, म्हणून रक्तही खरं वाटतं.

हिंसेची रचनाही बघा. पहिल्या प्रसंगात गाडीची चाकं चोरायला आलेल्या टोळक्याशी लोगन भिडतो, तर एक नख पूर्ण बाहेरच येत नाही. मधुमेहानं थकलेल्या माणसासारखं शरीर कुरकुरतं. हॉटेलातल्या प्रसंगात चार्ल्सला झटका येतो, सगळं जग गोठतं, आणि लोगन भिंत धरत धरत एकेका बंदूकवाल्यापर्यंत पोचतो. वेग नाही, नाच नाही. नख शिरताना आपल्याला बघायला पुरेसा वेळ मिळतो, नको तितका.

आणि मग शेतघर. एका साध्या कुटुंबानं या तिघांना जेवायला, राहायला बोलावलंय. रात्री लोगनसारखाच दिसणारा एक्स-२४ घरात शिरतो आणि सगळं संपवतो. घरमालक विल मन्सन मरता मरता बंदूक रोखतो ती खऱ्या लोगनवर. चाप ओढतो, गोळी संपलेली. त्याच्या लेखी दोघांत फरक नाहीच. मघाशी शिट्ट्या मारणारं आमचं थिएटर इथे एकदम गार पडलं. पॉपकॉर्नची पिशवी चुरगळायलाही कुणी तयार नाही. घरी मोबाईलवर हे होत नाही. तीनशे अनोळखी लोक आधी तुमच्यासोबत ओरडलेले असतात, आणि तेच सोबत गप्प होतात, तेव्हा आपण मघाशी कशाला ओरडलो हे आपोआप डोक्यात येतं.

गंमत म्हणजे आपल्याकडे पडद्यावर सिगारेट पेटली की खाली इशारा येतो. कवटीतून नख आरपार गेलं तर काही नाही. असो.

मग मजा कसली? माझ्यापुरतं सांगतो: नखं चालतात ती ताकद आवडते, आणि ती फुकट नाही हे दिसतं तेही आवडतं. दोन्ही एकदम. फक्त पहिलं देणारे सिनेमे मी बघतो, पण घरी येईपर्यंत विसरतो. आणि तेरा वर्षांच्या भाच्याला दाखवू का, असं काहींनी विचारलंय. नका दाखवू. रक्तासाठी नाही, शेतघरासाठी. तिथली भीती पेलायला थोडं वय लागतं.

याची कृष्णधवल आवृत्तीही आहे, 'लोगन नॉयर'. त्यात रक्त काळं दिसतं, शाईसारखं, आणि सिनेमा परत कॉमिकच्या कागदाजवळ जातो. मला रंगीतच जास्त आवडतो, पण शेतघराचा प्रसंग एकदा तसा बघा आणि कसा वाटला ते कळवा.