नामनिर्देशित व्यक्ती : मालक की विश्वस्त?

‘माझ्या नावाचे नॉमिनेशन आहे, म्हणजे ठेव माझीच!’ शाखेच्या काउंटरवर हे वाक्य वारंवार ऐकू येते. घरातील कर्ता पुरुष गेल्यावर याच समजुतीपायी सख्खी भावंडे न्यायालयाची पायरी चढतात.

‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगांवकर यांचे निधन २० ऑगस्ट २०१३ रोजी झाले. २०११ मध्ये त्यांनी मृत्युपत्र केले होते. त्यात उल्लेखिलेल्या मिळकतींखेरीज मुदत ठेवी व म्युच्युअल फंडातील गुंतवणूकही होती आणि तिच्यावर नामनिर्देशन केलेले होते. २०१४ मध्ये कुटुंबातील हा वाद मुंबई उच्च न्यायालयात आला. प्रश्न एकच होता : नामनिर्देशित व्यक्ती गुंतवणुकीची मालक होते, की तिने ती वारसांसाठी सांभाळायची असते?

कंपनी कायद्यात नामनिर्देशिताकडे भागांचे हक्क ‘निहित’ होतात, असा शब्दप्रयोग आहे. त्याच्या आधारे २०१० मध्ये याच उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने नामनिर्देशिताला मालक मानले होते. खंडपीठाने १ डिसेंबर २०१६ रोजी ते मत अमान्य केले, आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निर्णय कायम ठेवला. मृत्युपत्र आणि वारसा कायदा यांखेरीज नामनिर्देशन हा वारसाहक्काचा तिसरा मार्ग ठरत नाही, असा त्या निकालाचा सारांश आहे. आयुर्विम्याबाबत १९८३ मध्ये आणि बँक ठेवींबाबत २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व सांगितले होते.

मग नामनिर्देशन निरर्थक आहे काय? मुळीच नाही. त्यामुळे ठेवीची रक्कम विनाविलंब कुटुंबाच्या हाती पडते आणि नामनिर्देशिताला रक्कम देताच बँक आपल्या दायित्वातून मुक्त होते. इतर दावेदारांच्या केवळ पत्रावरून बँकेला रक्कम रोखता येत नाही. न्यायालयाचा आदेश मात्र शिरसावंद्य असतो. परंतु समजा, वडिलांनी थोरल्या मुलाचे नाव लावले आणि मृत्युपत्र केले नाही, तर त्या रकमेत आईचा व बहिणीचाही वाटा असतो. मुलाने पैसे स्वीकारले, तरी तो वाटा त्याला द्यावाच लागतो. खातेदार लखनौच्या सरोजिनी नगरातील असो वा सावंतवाडीचा, नियम हाच.

१ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यावर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. सर्वांना एकाच वेळी, टक्केवारी ठरवून नेमता येते किंवा एकामागून एक असा क्रमही लावता येतो. लॉकरसाठी मात्र केवळ क्रमवार नामनिर्देशनाचीच सोय आहे.

तेव्हा खातेदार मित्रहो, नामनिर्देशनाबरोबरच मृत्युपत्रही करावे आणि दोहोंत एकवाक्यता ठेवावी. विवाह, अपत्यजन्म वा निधन अशा प्रत्येक प्रसंगानंतर दोन्ही पुन्हा तपासून पाहावीत. आपल्या पश्चात मुलांनी ठेवीचे व्याज मोजावे; एकमेकांविरुद्धच्या तारखा मोजण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये.