खंजिरी भजन

खंजिरी भजन : विदर्भातील एक लोकप्रिय समूहगायनप्रकार. एका बाजूस कातडे मढविलेले लाकडी कडे व त्याच्या खाचांत बसविलेल्या धातूच्या चकत्या, असे खंजिरीचे स्वरूप असते. ती हातात धरून वाजविता येत असल्याने गायकाला उभ्याने, श्रोत्यांमध्ये वावरत गाता येते. या प्रकाराला सार्वजनिक प्रतिष्ठा मिळवून दिली ती संत तुकडोजी महाराज (१९०९–६८) यांनी. मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत त्यांनी भजने रचली. ईश्वरभक्तीच्या जोडीला अस्पृश्यता, व्यसने व पारतंत्र्य हे त्यांचे विषय होते. १९३६ मध्ये म. गांधींच्या निमंत्रणावरून ते वर्ध्याजवळील शेगाव (नंतरचे सेवाग्राम) येथे काही काळ राहिले.

वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात या भजनाला निराळे स्थान लाभले ते १९४२ साली. निःशस्त्राच्या हातचा दगडही शस्त्र ठरेल, अशा आशयाचे तुकडोजींचे एक हिंदी भजन त्या सुमारास गावोगाव गायिले जात होते. १६ ऑगस्ट रोजी, नागपंचमीच्या दिवशी, आष्टी येथे पोलीस ठाण्यावर तिरंगा फडकविण्यास निघालेल्या जमावावर गोळीबार झाला व सहा जण मृत्युमुखी पडले. खवळलेल्या जमावाने ठाणे जाळले; त्यात पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी शेजारच्या चांदा (चंद्रपूर) जिल्ह्यात चिमूर येथे उठाव झाला. ऑगस्टअखेर तुकडोजींना अटक होऊन नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले. चिमूरमधील स्त्रियांवरील अत्याचारांच्या चौकशीसाठी सेवाग्राम आश्रमातील प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. फाशीची शिक्षा झालेल्या आष्टी-चिमूरच्या कैद्यांसाठी अनसूयाबाई काळे यांनी चालविलेली खटपटही विसरता येणार नाही.

भजनाने उठाव घडविला, असे पुष्कळदा म्हटले जाते. ते तितकेसे खरे नाही. ९ ऑगस्टच्या धरपकडीने लोक आधीच प्रक्षुब्ध झाले होते. भजनाने त्या क्षोभाला ठेका व सर्वांच्या तोंडी बसतील असे शब्द दिले. शिवाय भजनाला जमणे हा गावाचा नित्याचा परिपाठ असल्याने त्यासाठी वेगळी सभा बोलवावी लागत नसे. अन्यत्रही असे दिसते. इंग्लंडमध्ये जुलै १९८१ मध्ये शहरोशहरी दंगली उसळल्या, तेव्हा द स्पेशल्स या गायकवृंदाचे ‘घोस्ट टाउन’ हे गीत विक्रीत अग्रस्थानी होते. जमेकातील स्का या नृत्यसंगीताच्या शैलीतील हे गीत ओस पडत चाललेल्या शहराविषयी होते आणि जुलैतील दंगलींपूर्वीच ते प्रसिद्ध झाले होते.

स्वातंत्र्यानंतर खंजिरी भजनाचा रोख ग्रामसुधारणेकडे वळला. पुढे सत्यपाल महाराजांनी एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजविण्याची पद्धत रूढ केली आणि दारू, हुंडा व अंधश्रद्धा यांविरुद्ध तिचा उपयोग केला.