ऊब मुळाशी हवी
गॅलरीतला मळा : भाग ७

मागच्या भागात ट्रे आणि कोकोपीट तयार झालं. आता पेरणी. डिसेंबर-जानेवारीत कल्याणच्या गॅलरीत पेरलेली मिरची तीन आठवडे वर आली नाही, की लोक दुकानदाराला बोल लावतात. बी बहुतेक वेळा चांगलंच असतं. ते गारठ्यात अडकलेलं असतं.

बियाला हवेशी देणंघेणं नाही, भोवतालच्या ओल्या मातीशी आहे. पाणी शोषून ते फुगतं, आतली विकरं कामाला लागतात, साठवलेलं अन्न कोंबाला पचेल अशा रूपात मोडतं. हे सारं किती वेगाने होणार, ते मातीच्या उष्णतेवर ठरतं. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जे. एफ. हॅरिंग्टन यांनी वेगवेगळ्या तापमानांना भाज्यांचं बी उगवायला किती दिवस लागतात हे मोजून ठेवलं आहे. मिरचीला १५ अंश सेल्सिअसला २५ दिवस, २० अंशांना साधारण १३ आणि ३० अंशांना जेमतेम ८. टोमॅटो १५ अंशांना १४ दिवस घेतो, २५ अंशांना ६. भेंडीचा फरक तर थक्क करणारा आहे : २० अंशांना १७ दिवस, ३० अंशांना ७. मुरबाड-शहापूरकडे भातकापणीनंतर भेंडी लावतात, तिथे थंडी वाढायच्या आत बी जमिनीत पडावं म्हणून घाई का करायची, ते या आकड्यांवरून कळतं. उशीर झाला तर नुसते दिवस जातात असंही नाही. गार, ओल्या मातीत पडून राहिलेल्या बियाला बुरशी गाठते आणि ते आतल्या आत कुजतं.

युरोप-अमेरिकेतल्या काचघरांत यावर प्रॉपगेटर वापरतात. पारदर्शक झाकणाचा ट्रे, त्याखाली विजेवर तापणारी गादी, आणि नेमक्या तापमानाला ती बंद करणारा थर्मोस्टॅट. यामागचा विचार मला फार आवडतो : सगळं घर तापवायचं नाही, फक्त बियाखालची दोन इंच माती तापवायची. टोरांटोत मे महिन्यापर्यंत दहिवराची भीती असते. त्यामुळे तिथल्या मराठी घरांत वांगी-मिरची हवी असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये घरातच रोपं करावी लागतात, आणि तिथे ही गादी खरोखर उपयोगी पडते.

कल्याणला ती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे हिवाळ्यातही दुपारी पारा तिशीला टेकतो. अडचण रात्रीची आहे, तो पंधराच्या आसपास उतरतो, बदलापूरकडे आणखी खाली. थर्मोस्टॅट नसलेली गादी दुपारच्या उन्हात चालू राहिली तर बी भाजून निघेल. शिवाय रोज पाणी शिंपडायच्या जागी विजेची तार कशाला?

आपली माती रात्री गार पडते त्याचं एक कारण आपणच तयार करतो. मातीच्या कुंडीत बी पेरतो, आणि ती कुंडी माठासारखी वागते. पाणी झिरपतं, त्याची वाफ होते, जाताना उष्णता घेऊन जाते. उघडा, ओला ट्रेही असाच हवेपेक्षा गार होतो. म्हणून रोपांसाठी प्लास्टिकचा ट्रे घ्या आणि तो झाका. रोपवाटिकांत हेच करतात. ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये बी टोकल्यावर ट्रे एकावर एक रचायचे आणि वरून पॉलिथिनने गुंडाळायचे. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचीही हीच शिफारस आहे. वाफ कोंडली की ओल टिकते, गारवा कमी होतो. मिरची, टोमॅटो, वांग्याच्या बियाला उगवेपर्यंत उजेड लागत नाही, त्यामुळे अंधाराने काही बिघडत नाही. घरी दोन-तीन ट्रे पुरतात. दिवसा दक्षिणेच्या गॅलरीत सावलीला ठेवा. थेट उन्हात बंद प्लास्टिक नको, आत भट्टी होते. रात्री ट्रे स्वयंपाकघरात आणा, मटकीचं फडकं मोड यायला ठेवता त्याच जागी.

तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी उघडून पाहा. यात आळस नको. पहिले कोंब मान वर काढताना दिसले, की त्याच दिवशी प्लास्टिक काढून ट्रे उजेडात पसरायचे. एक दिवसही चुकला तर कोंब पांढुरके, दोऱ्यासारखे लांब होतात आणि जमिनीलगत कुजून आडवे पडतात. रोपं कोलमडण्याचा हा रोग ओल, कोंदटपणा आणि दाटीतून येतो. म्हणून कोंब आल्यावर पाणी सकाळीच द्या आणि वारा खेळू द्या. बी पेरण्यापूर्वी कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिसळलेली असेल तर उत्तम.

सगळ्या बियांना ही ऊब चालत नाही. लेट्यूसचं बी तिशीपुढे बहुतेक उगवतच नाही, पालक आणि कोथिंबिरीलाही गारवाच मानवतो. या ट्रेना गुंडाळू नका. डिसेंबरची रात्र त्यांच्यासाठी अगदी योग्य आहे, गॅलरीतच राहू द्या.

पुढच्या आठवड्यात : रोपाला खरी पानं फुटल्यावर ते कुंडीत कधी आणि कसं हलवायचं.