केळीसाठी कागदी चाचणी

आयजेम ही संश्लेषी जीवशास्त्राची, म्हणजे जनुकांची नवी जुळणी करण्याच्या शास्त्राची, विद्यार्थी-स्पर्धा. २००३ मधल्या अमेरिकेतल्या एमआयटीच्या एका वर्गातून ती उगवली आणि पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेचे संघही तीत उतरले. खानदेशाला तिचं काय? रावेर-यावलच्या केळीवरचा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक) विषाणू मावा ही कीड पसरवते. त्यावर औषध नाही, रोगट झाड उपटणं हाच उपाय, म्हणून लवकर ओळख मोलाची. २०१६ मध्ये झिका विषाणूसाठी जिवंत पेशींविना चालणारी कागदी चाचणी दाखवली गेली: कागदावर वाळवलेल्या मिश्रणाला विषाणूचा आरएनए भेटला की रंग बदलतो. तशीच चाचणी सीएमव्हीसाठी करणं हा इथल्या आयजेम संघाचा विषय होऊ शकतो. गुलाबी बोंडअळी जनुक बदललेल्या बीटी कपाशीला सरावली, तेव्हा जनुकांशी खेळ नको म्हणणाऱ्यांची धास्ती समजते; पण इथे शेतात सजीव काही सोडायचंच नाही. स्पर्धेत उतरण्याच्या खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. तरीही जळगावच्या विद्यापीठाने धुळ्याच्या कॉलेजांना घेऊन संघ उभारावा.