गोळी तीच, यकृत निराळे

स्टेंट बसवून घरी आलेल्या माणसाच्या डबीत ॲस्पिरिनच्या जोडीला बहुधा क्लोपिडोग्रेल असते. लोक तिला ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात. खरे तर ती प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही, म्हणून स्टेंटमध्ये गुठळी धरत नाही. पण पोटात जाताना ती निष्क्रिय असते. सुमारे ८५ टक्के भाग शरीर परस्पर निकामी करून टाकते. उरलेल्यातून खरे औषध घडवायचे ते यकृताने, आणि त्यात मोठा वाटा सीवायपी२सी१९ या विकराचा.

या विकराच्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. काहींच्या प्रतीत एकच अक्षर बदललेले असते आणि तेवढ्याने विकर कामातून जाते. दोन्ही प्रती सदोष असल्या, तर गोळी वेळेवर घेऊनही प्लेटलेट्स चिकटायच्या त्या चिकटतातच.

अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने मार्च २०१० मध्ये या गोळीवर अशा रुग्णांसाठी चौकटीतला इशारा छापायला लावला. ज्यांच्यात सदोष प्रती अधिक आढळतात, अशा आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरच्या वंशाची वस्ती मोठी असलेल्या हवाई राज्याने २०१४ मध्ये उत्पादक कंपन्यांना कोर्टात खेचले: धोका ठाऊक असून सांगितला नाही, हा आरोप. २०२१ चा ८३ कोटी डॉलरचा दंड वरच्या कोर्टाने रद्द केला; फेरसुनावणीत, २०२४ मध्ये, तो ९१ कोटींवर गेला.

आपल्या जवळचा आकडा लंडनमधून येतो. तिथल्या बांगलादेशी आणि पाकिस्तानी वंशाच्या लोकांच्या अभ्यासात ५७ टक्क्यांकडे किमान एक प्रत सदोष निघाली, १३ टक्क्यांकडे दोन्ही. तो मराठी माणसाला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण डोळ्याआड करण्याइतका परकाही नाही.

मग सगळ्यांचेच जनुक का तपासत नाहीत? ५,३०२ रुग्णांच्या ‘टेलर-पीसीआय’ चाचणीत सदोष प्रत असलेल्यांपैकी जनुक पाहून औषध दिलेल्या ४ टक्क्यांना वर्षभरात हृदयविकार वा पक्षाघातासारखा त्रास झाला, इतरांमध्ये ५.९ टक्क्यांना. फरक दिसला, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही. याच कामाच्या अधिक जोरकस गोळ्या, टिकाग्रेलोर आणि प्रासुग्रेल, या विकरावर विसंबून नाहीत, मात्र त्यांनी रक्तस्राव जास्त होतो. मला डच संशोधकांचा उलटा प्रश्न अधिक शहाणपणाचा वाटतो: ज्याचे जनुक धड आहे, त्याला जोरकस गोळी हवीच कशाला? त्यांच्या चाचणीत अशांना क्लोपिडोग्रेल दिल्यावर रक्तस्राव घटला आणि गुठळ्या वाढल्या नाहीत.

जनुक धड असूनही ॲसिडिटीची ओमेप्राझोल हेच विकर अडवते; म्हणून डॉक्टर बरेचदा पँटोप्राझोल देतात. डबीत क्लोपिडोग्रेल-ओमेप्राझोलची जोडी दिसली तर डॉक्टरांना विचारावे. क्लोपिडोग्रेल मात्र आपल्या मनाने बंद करू नये; त्याने स्टेंट तुंबू शकतो.