फोटोत काय आहे?

सकाळी ९. विरारच्या घरातलं जेवणाचं टेबल हेच ऑफिस. वसईच्या इतिहासाची जुनी पुस्तकं, फोटो आणि ध्वनिमुद्रणं वेबसाइटवर चढवायची, तीही अंध आणि कर्णबधिर वाचकांना वापरता येतील अशी, हे माझं काम. आधी एनव्हीडीए सुरू करते. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. स्कॅन केलेल्या पानावर मात्र ते गप्प बसतं, कारण त्याच्या लेखी ते नुसतं चित्र.

१०. ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, काढलेला मजकूर तपासणं. ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’. कंटाळवाणं काम.

११:३०. ‘क्रिस्तपुराण’ हे मराठी ओवीबद्ध काव्य. फादर स्टीफन्सनी १६१६ साली ते रोमन लिपीत छापलं, मराठीचे खिळे नव्हते म्हणून. स्क्रीन रीडर इंग्रजी समजून वाचतो आणि ओवीची पार वाट लागते. शेजारी देवनागरी पाठ देण्याला पर्याय नाही.

१. नालासोपाऱ्याहून सर येतात. ते जन्मांध, आमचे परीक्षक. माऊसला हातही न लावता टॅब दाबत वसई किल्ल्याच्या नकाशावर जातात आणि अडकतात. बुरुजांची नावं फक्त माऊस नेल्यावर उमटतात. नकाशाखाली साधी यादी देऊ, असं ठरतं.

मग सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्याचा फोटो. मी वर्णन लिहिलंय, ‘वसई किल्ल्यातील चर्चचे अवशेष’.

“हे फोटोखालीच लिहिलंय की! छप्पर आहे का? मनोरा उभा आहे की पडलाय?”

उत्तर द्यायला मला फोटो पुन्हा नीट बघावा लागतो. वर्णन हेही संपादनच. काय गाळायचं ते कुणीतरी ठरवतंच. नव्या वर्णनातला ‘भव्य’ मी खोडते. उंची आणि उघडं आकाश ठेवते.

४. कादोडी गाण्यांची सबटायटल्स. आपोआप बनणाऱ्या सबटायटल्सना ही सामवेदी बोली कळत नाही. एका सहकाऱ्याचं म्हणणं, प्रमाण मराठी लिहा. मी नकार देते. ऐकणाऱ्याला कादोडी आणि वाचणाऱ्याला भाषांतर, असं का? मूळ ओळ वर, अर्थ खाली.

५:३०. एका जुन्या पुस्तकाच्या लेखकाच्या नातवाचा फोन. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीमुळे अपंगांपुरती सुलभ प्रत परवानगीशिवाय करता येते, पण आमची वेबसाइट सगळ्यांसाठी खुली. परवानगी हवीच. “आईला विचारतो,” म्हणतात.

६. सर निघतात. उलट्या दिशेची गाडी, गर्दी कमी. जाता जाता सांगतात, “मनोऱ्याला जिना आहे का, तेही लिहा.”